पोटात दुखतंय म्हणजे दुखतंयच

शाळा सुरू झाल्या की पत्रं वाढतात हे आता मला पाठ झालंय. पण या वेळी गंमत अशी की मुलाला नेमकं काय झालंय असं विचारणारी पत्रं कमीच, ते डॉक्टरांकडून कळलेलं असतं किंवा कळणार असतं. लोक विचारतायत की आता मुलाच्या बाजूने शाळेत, घरात, चाळीत-सोसायटीत बोलायचं कोणी आणि कसं. म्हणून बाकीची बाजूला ठेवून ही सहा घेतलीत. नावं नाहीत, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. मी डॉक्टर नाही हे दर वेळी सांगते तसं आत्ताही सांगते. पालिकेच्या शाळेत २२ वर्षं शिकवलं आणि स्वतःच्या मुलापायी हॉस्पिटलांचे उंबरे झिजवले, त्यातून जे कळलं ते इथे लिहिते.

ताई, माझा मुलगा सातवीत आहे, इंग्लिश मीडियम. शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शनचं आहे, काउन्सेलरला दाखवा. मिस्टर म्हणतात नाटकं आहेत, सासूबाई शनिवारी मीठमोहऱ्या उतरवतात. शाळेत बोलावलं होतं तर सुपरवायझर म्हणाल्या झेपत नसेल तर दाखला घ्या आणि दुसरीकडे टाका. डबा तसाच परत येतो. परवा हिंदीची वही बघितली तर फळ्यावरचं अर्धंच उतरवलेलं आणि पुढे नुसत्या रेघा. मी एकटी कोणाकोणाशी भांडू? — एक आई, भांडुप

भांडण नंतर बघू, आधी पोटाचं बोलू. टेन्शनने दुखतं म्हणजे दुखत नाही असं नसतं हो. आपल्याला परीक्षेच्या आधी दहा वेळा बाथरूमला जावं लागायचं ते काय नाटक होतं का? पोट आणि मेंदू यांची तार जोडलेली असते, घाबरलं की पोट आवळतं, मळमळतं, आणि लहान मुलांना मला भीती वाटतेय असं सांगता येत नाही म्हणून ते पोटावर हात ठेवतात. त्याला पहिलं वाक्य हे सांगा की तुझं दुखतंय हे मला पटतंय. मिस्टरांनाही हेच सांगा, फक्त सकाळी पावणेसातला रिक्षा खाली हॉर्न मारत असताना नको, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सांगा.

आता एक काम करा. साधी शंभर पानी वही घ्या आणि १५ दिवस रोज फक्त चार गोष्टी लिहा, तारीख वार, किती वाजता दुखलं, त्या दिवशी कुठले तास होते, आणि किती वाजता थांबलं. सुट्टीच्या दिवशी दुखतं का, रविवारी संध्याकाळी सुरू होतं का, कुठल्या ठरावीक वारी जास्त असतं का. असं लिहून आणलेल्या एका आईच्या वहीत आम्हाला दिसलं की पोरीचं पोट फक्त मंगळवारी आणि गुरुवारी दुखतंय, टाइमटेबल काढलं तर त्या दोन दिवशी वर्गात उभं राहून धडा वाचायचा तास. ही वही डॉक्टरला एका मिनिटात जे सांगते ते आपण अर्धा तास रडून सांगू शकत नाही.

तुमच्या पत्रात मला पोटापेक्षा ती हिंदीची वही जास्त खटकली. अर्धं उतरवलेलं आणि पुढे रेघा. कदाचित काही नसेल, वर्गात कोणी छळत असेल किंवा नजरेचा नंबर वाढला असेल (चष्म्याचं आधी बघून घ्याच), पण लिहिणं-वाचणंच अवघड जातंय अशी शक्यता असते, ज्याला आपण एलडी म्हणतो, म्हणजे अध्ययन अक्षमता. हुशार मुलं चौथी-पाचवीपर्यंत पाठांतरावर ओढून नेतात आणि पुढे धडे मोठे झाले की फेफे उडते, मग भीती आणि मग पोट. कोणी छळतंय का हे मात्र वेगळं विचारा, तेही सरळ नाही, डबा खाताना कोण शेजारी असतं असं विचारलं तरी बरंच कळतं.

एलडीची तपासणी मुंबईत सायन, केईएम, नायर, जे. जे. अशा सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांत होते आणि सर्टिफिकेटही तिथलंच लागतं, खाजगी सेंटरचा रिपोर्ट अभ्यासासाठी उपयोगी पडतो पण बोर्डाला तो चालत नाही. एका दिवसात होत नाही, डोळे-कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या असे बरेच हेलपाटे असतात आणि नंबर उशिरा लागतो, म्हणून आत्ताच नाव घाला, दहावीच्या वर्षी धावणारे पालक बघून मला घाम फुटतो. शाळेच्या वह्या, मागच्या दोनतीन वर्षांचे रिझल्ट, शाळेचं पत्र हे सोबत न्या. सर्टिफिकेट मिळालं तर जास्तीचा वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळू शकतात, कुठली लागू हे त्याच्या अडचणीवर ठरतं, आणि दहावीच्या वेळी शाळेनेच विभागीय मंडळाकडे, म्हणजे आपल्यासाठी वाशीला, प्रस्ताव पाठवायचा असतो.

आता शाळा. तोंडी काहीही बोलू नका, म्हणजे बोला, पण बोलून झाल्यावर घरी येऊन तेच अर्जात लिहा. अर्ज एक पानाचाच हवा. त्यात माझ्या मुलावर अन्याय झाला वगैरे नको, काय हवंय तेवढंच लिहा, तपासणी चालू आहे, तोपर्यंत त्याला वर्गात मोठ्याने वाचायला उभं करू नये, फळ्यावरचं राहिलं तर मित्राच्या वहीवरून उतरवू द्यावं, पोटात दुखलं तर घरी न पाठवता दहा मिनिटं बसायला जागा द्यावी. दोन प्रती, एक ऑफिसात, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर. क्लार्क म्हणेल ठेवून जा हो, मॅडमना देतो. हसून सांगायचं, देताय ना, मग शिक्का पण द्या. हा शिक्का मारल्याचा आवाज माझ्या कानाला कुठल्याही गाण्यापेक्षा गोड लागतो.

दाखल्याच्या धमकीबद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याचं कलम १६, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नंतर २०१९ मध्ये पाचवी-आठवीला नापास करायची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकायची नाही. कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. एक मेख आहे, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे आणि मुंबईत अशा शाळा ढिगाने आहेत, तेव्हा तुमची शाळा कुठल्या प्रकारातली ते आधी बघून घ्या. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे त्यात २१ प्रकार धरलेत आणि एलडी त्यात येते, तेव्हा सर्टिफिकेट हातात आल्यावर पायाखाली आणखी एक पाट येतो. पण कलमं पहिल्या भेटीत आपटू नका. मी आपटली होती. वर्गशिक्षिका जी थोडी आपल्या बाजूची होती ती पण घाबरून गप्प झाली आणि पुढचं वर्षभर माझ्याशी फक्त डायरीतून बोलली. कलमं पर्समध्ये ठेवायची.

आणि हो, त्याला पूर्ण घरी ठेवू नका. घरी ठेवलं की त्या दिवशी सुटका वाटते पण दुसऱ्या दिवशी शाळा आणखी मोठी होऊन समोर उभी राहते. दोन तास तरी, नाहीतर डब्याच्या सुट्टीपर्यंत, असं शाळेशी ठरवून वाढवत न्या, काउन्सेलर याचं वेळापत्रक करून देतात. सासूबाईंना मीठमोहऱ्या उतरवू देत, त्या काळजीपोटीच करतायत, फक्त उतरवताना कोणाची नजर लागली माझ्या पोराला असं त्याच्यासमोर म्हणू नका एवढं सांगा. जमलं तर एकदा त्यांनाच हॉस्पिटलात सोबत न्या. डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं आजीला पटतं, सुनेच्या तोंडून पटत नाही, हा काही मी लावलेला शोध नाही.

आमचा नातू नऊ वर्षांचा. एडीएचडी आहे म्हणे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. सून आणि मुलगा दोघे नोकरीला, सकाळी साडेआठला जातात ते रात्री येतात, दिवसभर मीच. आता डॉक्टरांनी गोळी सांगितली. एवढ्याशा पोराला डोक्याची गोळी? पोर सुस्त होईल. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, एक धपाटा घातला की मुलं सरळ व्हायची. मी विरोध केला तर घरात सगळे माझ्यावरच चिडलेत. तुम्ही तरी सांगा. — एक आजी, गिरगाव

आजी, नमस्कार. तुमच्या वेळी होतं हो, नाव नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकावर अंगठे धरून उभा असलेला एक मुलगा तुम्हाला आठवतच असेल, तोच तो. आणि अगदीच काही नव्हतं असंही नाही, मुलांच्या मनाचं बघणारं भारतातलं पहिलं चाइल्ड गायडन्स क्लिनिक इथे मुंबईतच १९३७ साली सुरू झालं, ज्या संस्थेला आज आपण टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणतो तिने सुरू केलं होतं. म्हणजे तुमच्या जन्माच्याही आधीची गोष्ट असेल.

गोळीचं ठरवायचं काम माझं नाही, तुमचंही नाही, डॉक्टरांचं आणि त्याच्या आईबाबांचं आहे. पण तुम्ही डॉक्टरांना विचारायला हवं, आणि तुम्हीच विचारायला हवं कारण दिवसभर तो कोणासमोर असतो? या गोळ्यांनी बऱ्याच मुलांची भूक कमी होते, काहींची झोप उशिरा लागते, म्हणून वजन-उंची मधूनमधून बघतात आणि भरपेट नाश्ता गोळीच्या आधी द्यायला सांगतात. आता नाश्ता कोण देणार? तुम्ही. पोर सुस्त, गप्पगप्प वाटलं तर ते पहिलं कोणाला दिसणार? तुम्हालाच, आणि तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगायचं असतं, ते डोस बदलतात. तुम्हाला न विचारता हे सगळं ठरलं याचा राग आहे ना? तो राग मला बरोबर वाटतो. पुढच्या तारखेला मीही येणार असं मुलाला सांगा.

आणि नुसत्या गोळीने होत नाही, घरातल्यांना शिकावं लागतं, त्याला पालक प्रशिक्षण म्हणतात पण त्यात आजीआजोबांना बसवायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, मुंबईतली अर्धी मुलं आजी वाढवते. एकच गोष्ट आजपासून करून बघा. तो शाळेतून आला की आपण काय म्हणतो? अरे चपला जागेवर काढ, दप्तर तिथे टाकू नको, हात धू, डबा काढून मोरीत ठेव, आणि ते दूध गार होतंय. मोजा बरं. पाच कामं एका श्वासात. त्याच्या डोक्यात पहिलं शिरतं आणि बाकीची जिन्यातच राहतात, मग तो चपला काढून तिथेच उभा, मग आपण ओरडतो. एक काम सांगा, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. झालं की चांगलं केलंस म्हणा आणि मग दुसरं. आठ दिवस वैताग येईल तुम्हाला. धपाट्याबद्दल एवढंच सांगते की मी पण घातलेत, माझ्या हाताला बरं वाटलं, पोरगं होतं तिथेच होतं.

मॅडम, माझी मुलगी दहावीत. तिच्या रफ वहीच्या मागच्या पानावर मला असं लिहिलेलं सापडलं की मी नसते तर सगळ्यांचं बरं झालं असतं. मी तिला बोललो नाही, वही होती तशी ठेवली. तिच्या आईला बीपी आहे म्हणून तिलाही सांगितलं नाही. ड्युटी शिफ्टची, झोप लागत नाही. विचारलं तर उलट डोक्यात विचार पक्का होईल अशी भीती वाटते. पोलीस वगैरे भानगड, उद्या लग्नाच्या वेळी बोलतील लोक. काय करू? — एक वडील, लालबाग

हे पत्र छापायच्या आधीच तुम्हाला फोन केला होता आणि तुम्ही पुढचं पाऊल उचललंत हे मला माहीत आहे, पण अशी पानं आणखी कोणाच्या घरात असतील म्हणून इथेही लिहिते.

विचारा. आजच विचारा. विचारल्याने विचार पक्का होत नाही, उलट कोणाला तरी दिसतंय हे कळून मुलांना हलकं वाटतं. आडून नको, सरळ, शांत आवाजात, मरून जावंसं वाटतं का गं तुला? आणि मग गप्प बसायचं. हे बापाला फार जड जातं, आपल्याला लगेच अगं काय कमी आहे तुला म्हणावंसं वाटतं, ते म्हणायचं नाही. वही वाचली हे लपवू नका, वाचली, चुकलं असेल, पण वाचलं ते बरं झालं असं सांगा. ती हो म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर. तुमच्यापासून केईएम चालत जाण्यासारखं आहे, आत्ता धोका आहे असं वाटलं तर सरळ कॅज्युअल्टीत न्यायचं, ओपीडीची वाट बघायची नाही. रात्रीअपरात्री काही सुचेना तर १४४१६ फिरवा, टेली मानस, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, २४ तास आहे आणि मराठीत बोलतात. मुलीनेच करायला पाहिजे असं नाही, बापाने केला तरी चालतो.

पोलिसांचं म्हणाल तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे. इथे तर तसं काही घडलेलंही नाही. आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवायची हेही त्याच कायद्यात आहे, चाळीत कोणी सांगितलं तर ते हॉस्पिटलमधून गेलेलं नसेल, आपल्याच दारातून गेलेलं असेल. लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू. आईला सांगा. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या बायका आपल्याला वाटतात त्यापेक्षा बऱ्याच खंबीर असतात आणि तुम्ही नाइट शिफ्टला असताना घरात जागं कोण असणार आहे?

आमच्या मुलाला डिप्रेशनसाठी पाच दिवस ॲडमिट करावं लागलं. मेडिक्लेमवाला एजंट म्हणतो मानसिक आजार कव्हर होत नाही. खरं का? — बोरिवली

एजंट जुन्या काळात राहिलाय. त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम २१ बघा, शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा असं त्यात आहे. ॲडमिशनचा क्लेम लेखी टाका आणि नाकारला तर कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा, मग विमा लोकपालाकडे जाता येतं. नुसत्या काउन्सेलिंगच्या फिया मात्र बहुतेक पॉलिसीत बसत नाहीत, ओपीडी कव्हर असेल तरच, ते पॉलिसीत बघा.

मुलगी ऑटिस्टिक आहे, सहा वर्षांची. थेरपिस्ट म्हणतात पालकांच्या ग्रुपला जा. मला नाही जायचं. आधीच दिवसभर हेच, त्यात आणखी दहा जणांची रडगाणी कोण ऐकणार? आणि आपल्या घरातलं बाहेर का सांगायचं? त्याने मुलीला काय फायदा? — मुलुंड

मीही असंच म्हणाले होते, शब्द पण जवळपास हेच. माझा मुलगा तिसरीत होता, शाळेने, नाव नाही घेत, आम्हाला खुर्चीवर बसवून सांगितलं होतं की आईची नोकरी आहे म्हणून हे असं झालंय. घरी येताना परळ स्टेशनच्या पुलावर मी आणि नवरा एकमेकांशी भांडलो, कारण शाळेशी भांडायची हिंमत नव्हती. नंतर कोणीतरी जबरदस्ती केली म्हणून दादरला एका हॉलमध्ये गेले. गणपतीच्या मंडपातल्या असतात तशा लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, सात-आठ माणसं, पंखा कुरकुरतोय. मी ठरवलं होतं की चहा आला की निघायचं. तेवढ्यात एक गृहस्थ बोलायला लागले, गिरणीत होते ते, त्यांनी पिशवीतून एक फाइल काढली, निळी, तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आणि त्यात मुलीचा प्रत्येक कागद तारखेने लावलेला, पहिल्या पानावर हाताने लिहिलेली अनुक्रमणिका. रडले वगैरे नाहीत. कुठल्या हॉस्पिटलात कुठल्या वारी कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला कागद विसरलात तर परत पाठवतात, एवढंच सांगत होते अर्धा तास. मी पर्समधल्या लाइटबिलाच्या मागे लिहून घेतलं. चहा गार झाला.

ग्रुप म्हणजे हे असतं. डॉक्टर आजार सांगतो, खिडकी नंबर चार सांगायला दुसरी आईच लागते. रडगाणं होतं कधीकधी, नाही असं नाही, आणि काही ग्रुप नुसते त्यातच अडकतात, मग तिथे जाऊ नका, दुसरा बघा. पण चांगला ग्रुप ओळखायचा कसा तर तिथून निघताना हातात काहीतरी लिहिलेलं असतं.

अमेरिकेत मानसिक आजार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी नामी नावाची मोठी संघटना आहे ती अशीच सुरू झाली, १९७९ साली विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन गावात, हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन आया, दोघींच्या मुलांना स्किझोफ्रेनिया, दोघी जेवायला भेटल्या आणि आपल्यासारखे आणखी असतील म्हणून बाकीच्यांना बोलावलं. आज त्यांचा लहान मुलांच्या पालकांसाठी सहा बैठकांचा फुकट कोर्स आहे, आणि त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो डॉक्टर शिकवत नाहीत, ट्रेनिंग घेतलेले पालकच शिकवतात. आपल्याकडे पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तेही घरच्यांना धरूनच चालणारं काम. तुमच्यापासून जवळ ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली. ऑटिझमसाठी मुंबईत फोरम फॉर ऑटिझम हा पालकांचाच गट आहे, आणि २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्तींनी सुरू केलेलं उमीद हे मुलांच्या विकासाचं केंद्र, तिथे मुलांबरोबर कुटुंबासाठीही काम चालतं. एलडीसाठी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन. फोन करून वेळ विचारून मगच जा, मुलुंडहून ट्रेन बदलत जायचं आणि दार बंद असं नको.

मुलीला काय फायदा विचारलंत. तुम्ही दिवसभर हेच करता म्हणालात ना, तर आठवड्यातून दोन तास ती तिच्या बाबांकडे राहील आणि त्यांना कळेल की ती पोळीची कड का खात नाही. एवढा फायदा तर पहिल्याच महिन्यात होतो. घरातलं बाहेर सांगायचं तर तुमच्या मर्जीने, तीन बैठका नुसत्या ऐका. कोणी बोलायचा आग्रह केला तर सांगा त्या कॉलमवाल्या बाईंनी ऐकायला पाठवलंय.

काकू, मी तेरा वर्षांची आहे. मला अँग्झायटी आहे, मी काउन्सेलरकडे जाते, आता बरं आहे. पण माझी आई सगळीकडे सांगते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, शाळेत मीटिंगमध्ये माइकवर, मामीला. म्हणते लाज वाटायचं काही नाही, आपण बोललो तर दुसऱ्यांना धीर येतो. ते बरोबर असेल पण लिफ्टमध्ये काका मला विचारतात आता कसं वाटतंय बेटा. तुम्ही आईला सांगाल का?

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, कारण मी पण हेच केलंय. माझ्या मुलाबद्दल मी एका कार्यक्रमात बोलले, टाळ्या पडल्या, घरी आल्यावर तो म्हणाला गोष्ट माझी होती ना. तो तेव्हा चौदाचा होता. मला उत्तर सुचलं नाही.

तुझ्या आईला मी नावं ठेवणार नाही, तिने खूप सहन करून मग बोलायला सुरुवात केली असेल, आणि शाळेत ती बोलली म्हणून तुझ्या वर्गातली आणखी कोणीतरी घरी जाऊन आईशी बोलली असेल हेही खरं असू शकतं. पण आईला बोलायचं असेल तर तिने तिचं बोलावं, म्हणजे मी घाबरले होते, मला कळत नव्हतं, मी डॉक्टर कसा शोधला, हे. तू कधी रडलीस, तुला कुठली गोळी चालू आहे, हे तुझं आहे आणि ते सांगायचं की नाही हे तुला विचारूनच. शाळेत वर्गशिक्षकांना आणि काउन्सेलरला माहीत असायला लागतं, तेवढं सोड, तेही कोणाकोणाला सांगायचं याची यादी तुम्ही दोघींनी बसून करा. मामीचं नाव त्यात लिहायचं की नाही ते तू सांग. तुला तोंडावर बोलायला जड जात असेल तर काउन्सेलरच्या पुढच्या सेशनला शेवटची दहा मिनिटं आईला आत बोलवायला सांग आणि तिथे बोल, त्यांना हे नवीन नसतं. लिफ्टमधल्या काकांना मस्त आहे काका म्हणायचं आणि मोबाइलमध्ये बघायचं.

आईला मी वेगळं काही सांगणार नाही, कारण मग मी पण तुला न विचारता तुझ्याबद्दल बोलल्यासारखं होईल. तू कुठे राहतेस आणि कुठल्या शाळेत जातेस ते मी पत्रातून काढून टाकलंय. हा अंक घरी येतो असं तू लिहिलंयस, तर हे पान आईसमोर उघडं ठेवायचं की रद्दीत खाली सरकवायचं ते तू ठरव.